पाण्यातलं घर (भाग ७) : बोअरचं पाणी आणि माणसानं घडवलेले मासे

महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच. बीडची, वर्ध्याची, गडचिरोलीची. ही जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथल्या अनेक बोअरचं पाणी पातेल्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतो. काळ्या पाषाणातून मुरून आलेलं हे जड पाणी. डाळ लवकर शिजत नाही, केस राठ होतात. मत्स्यालयाच्या दुकानात मात्र याच पाण्याचं कौतुक व्हायला हवं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा सामू साधारण ७.८ ते ८.६ असतो आणि तिथले रंगीत मासे अशाच क्षारयुक्त पाण्यात वाढलेले. ज्या गावात मऊ पाण्यातल्या डिस्कसला जगवताना नाकी नऊ येतात, तिथे मलावीचा पीकॉक निवांत राहतो.

हे सगळे सिक्लिड कुळातले. नाव परकं वाटलं तरी कूळ ओळखीचं आहे: गोव्यातली काळुंदर सिक्लिड, आणि धरणावरून बाजारात येणारी चिलापीही सिक्लिडच.

मागच्या भागात फिल्टर बसला. आता चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या टाकीत मिश्र मासे सोडायचे. दुकानात पिशवीवर लिहिलेलं असतं ‘पीकॉक मिक्स’. त्यात निळा, पिवळा आणि हमखास एक ठिपक्यांचा असतो, नारिंगी अंगावर निळे-काळे शिंतोडे उडाल्यासारखा. दुकानदार त्याला ‘ओबी पीकॉक’ म्हणतो. मलावीत शोधायला गेलं तर हा मासा सापडणार नाही. खडकाळ भागातल्या म्बुना माशांमध्ये असे डाग असतात, तेही बहुतेक माद्यांवर. त्यांचा पीकॉकशी संकर करून, पिढ्यान् पिढ्या निवड करून हे ठिपके माणसानं नरांवर आणले.

असा संकर होतो कसा? पीकॉकचे नर भडक, माद्या मात्र राखाडी-तपकिरी, आणि वेगवेगळ्या जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर जाणकारही चकतो. टाकीत स्वतःच्या जातीचा नर नसला तर मादी जो आहे त्याच्याशी जमवून घेते. मग एके दिवशी ती खाणं सोडते. दाणे समोरून खाली जातात, ती तोंड उघडत नाही. हनुवटीखालची कातडी पिशवीसारखी फुगलेली. तोंडात अंडी असतात. साधारण तीन आठवडे ती उपाशी राहते आणि मग चिमुकली पिल्लं बाहेर येतात. ती कुणाची, हे सांगणं अवघड.

निसर्गातही ही भिंत पातळच आहे. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडवर ओले झेहाउजेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की पाणी गढूळ झालं की माद्यांना नरांचे रंग नीट दिसत नाहीत, निवड फसते आणि जाती एकमेकींत विरघळू लागतात. टाकीतलं पाणी स्वच्छ असतं, पण निवडीला वावच नसतो. परिणाम तोच.

संकराचे दुसरे दोन नमुने दुकानात सर्रास दिसतात. फ्लॉवरहॉर्न नव्वदच्या दशकात मलेशियात घडला. कपाळावरचं टेंगूळ आणि अंगावरच्या चिनी अक्षरांसारख्या खुणा यांमुळे तो भाग्याचा मासा ठरला. तो भाग्य आणतो की नाही, ते गल्ल्यालाच ठाऊक. शेजाऱ्यांचं दुर्भाग्य मात्र नक्की आणतो. वीतभराहून मोठा होणारा हा गडी एकटाच ठेवावा. पॅरटचं उलट. तैवानमध्ये ऐंशीच्या दशकात निघालेल्या या संकराचं तोंड नीट मिटतच नाही, त्यामुळे तो घशातल्या दातांनी खाणं चुरतो. चपळ आफ्रिकी माशांत त्याला सोडलं तर दाणा त्याच्यापर्यंत पोचत नाही. जांभळे, निळे पॅरट दिसले तर ते रंगवलेले असतात, घेऊच नयेत.

मलावीच्या मिश्र टाकीत एक उफराटा नियम पाळतात: मासे थोडे दाटीनं ठेवायचे, म्हणजे दांडग्या नराचा राग एकावर न निघता सगळ्यांत वाटला जातो. पण दाटी म्हणजे घाण, आणि इथे बोअरचं पाणी उलटतं. माशांच्या अंगातून अमोनिया निघतो. २८ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८.४ असला की तोच वाटा १५ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे मूठभर जास्तीचं खाणं पुण्याच्या मऊ पाण्यात खपेल, आष्टीत खपणार नाही.

त्यात मे महिना. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. दुपारी लाईट गेली की फिल्टर थांबतो, आतले उपयोगी जिवाणूही गुदमरू लागतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करतात. अशा दिवशी पहिलं काम खाणं बंद करणं. बॅटरीवरचा एअर पंप असला तर उत्तम; नसला तर तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा ओतत राहायचं. हात भरून येतात, पण मासे वाचतात.

उरतात ती पिल्लं. दुकानदार घेत नाही, टाकीत मावत नाहीत, मग कुणीतरी सुचवतं, ‘विहिरीत सोडा, नाहीतर गोदावरीत.’ चिलापीचं असंच झालं. १९५२ साली मोझांबिक चिलापी भारतात आणली गेली ती खाण्यासाठी. तिची मादीही अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं वाचतात, आणि तळं बघता बघता भरून जातं. १९५९ मध्ये तिच्या प्रसाराला आवर घालायचं ठरलं, तोवर ती तळ्यांत, धरणांत शिरली होती. आष्टीहून गोदावरी लांब नाही. नको असलेली पिल्लं दुसऱ्या शौकिनाला द्यावीत, ‘संकर’ असं पिशवीवर स्पष्ट लिहून. ते जमणार नसेल, तर सुरुवातीपासून टाकीत फक्त नरच ठेवावेत. नर ओळखायचे कसे, ते पुढच्या भागात.