दुखणे मनाचे, तक्रार अंगाची : वृद्धांसाठी कोणते औषध?

वऱ्हाडातील वृद्ध माणूस दवाखान्यात येऊन ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. ‘आंग दुखते, जेवन गोड लागत नाई, रातभर झोप नाई’ अशीच त्याची भाषा असते. घरची मंडळी त्यावर ‘वय झाले’ असा शिक्का मारतात. मग वेदनाशामक गोळ्या, ताकदीची सलाईन आणि तपासण्यांची थप्पी. हे चक्र अनेक महिने फिरत राहते आणि मूळ आजार, म्हणजे नैराश्य, तसाच राहतो.

अर्थात प्रत्येक अंगदुखी नैराश्याची नसते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ब १२ जीवनसत्त्व, सोडियम आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी व्हायला हवी. ती समाधानकारक असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे लवकर जाग येऊन मन जड होत असेल, ‘मी घराला भार झालो’ असे उद्गार निघत असतील, तर नैराश्याचा विचार करावा.

मनाच्या आजारात अंग का दुखावे? सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने मनःस्थितीशी निगडित आहेत, तशीच ती मेंदूकडून मज्जारज्जूत उतरून वेदनेचे संदेश सौम्य करण्याच्या कामीही येतात. ही व्यवस्था मंदावली की एरवी सहन होणारी गुडघेदुखीही असह्य वाटू लागते. म्हणून नैराश्यातील वेदना हे सोंग नव्हे. ती खरीच वेदना असते.

आता औषधांविषयी. ‘सगळ्यांत चांगली गोळी कोणती?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सर्व औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. त्यांच्या आपापसांतील फरक मात्र त्या मानाने लहान होता. म्हणून वृद्धांसाठी निवड ठरते ती ठळक तक्रार कोणती आणि सोबतचे आजार कोणते, यांवरून.

सर्ट्रालीन आणि एस्सिटालोप्रॅम : बहुतेक वृद्धांत सुरुवात यांपासून होते. घाबरणे, थकवा, निरुत्साह यांवर ती उपयोगी पडतात. पहिले काही दिवस मळमळ किंवा पातळ शौच होऊ शकते. हृदयविकार असल्यास सर्ट्रालीन अधिक सोयीचे. एस्सिटालोप्रॅमची मात्रा वृद्धांत सहसा १० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, कारण हृदयाच्या विद्युत्‌लयीवर तिचा परिणाम होऊ शकतो.

ड्युलोक्सेटीन : नैराश्यासोबत मधुमेहामुळे पायांची आग होत असेल किंवा गुडघे जुनाट दुखत असतील, तर हे विचारात घ्यावे. दोन्ही रसायनांवर काम करत असल्याने वेदनेला त्याचा उपयोग होतो. मात्र केवळ नैराश्यातून आलेल्या अंगदुखीवरील त्याचा लाभ माफकच असतो. रक्तदाब वाढू शकतो. यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास ते टाळतात.

मिर्टाझापीन : झोप उडाली आहे, भूक मेली आहे, वजन उतरत आहे, अशा रुग्णाला रात्री दिलेले हे औषध उपकारक ठरते. वेदनेवर त्याचा भरवसा धरू नये. वजन आणि सकाळची गुंगी यांवर लक्ष ठेवावे.

ॲमिट्रिप्टिलीन : जुने, स्वस्त, वेदनेवर आणि झोपेवर गुणकारी. पण वृद्धांत तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, विस्मरण, उठताना भोवळ येऊन पडणे हे धोके मोठे आहेत. प्रोस्टेटची वाढ, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ते शक्यतो नकोच. त्याने घामही कमी येतो; अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ही बाब क्षुल्लक नाही.

जोडीच्या गोळ्यांकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसोबत सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम वा ड्युलोक्सेटीन घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. काळी शौच झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी सोबत घेतल्यास थरथर, घाम, ताप, बेचैनी उद्भवू शकते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असल्यास सोडियम घसरू शकते. तेव्हा माणूस गळून जातो, गोंधळतो, आणि घरच्यांना वाटते की नैराश्यच वाढले. म्हणून सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत सोडियम तपासून घ्यावे. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी.

मात्रा अल्प ठेवून सुरुवात करायची आणि सावकाश वाढवायची. झोप व भूक आधी सुधारतात, मन नंतर. वृद्धांत पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. बरे वाटल्यावरही औषध निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, निद्रानाश होतो. या गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही.

औषधाला माणसांची जोड हवी. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन समुपदेशन केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार शोधणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून सुमारे दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. कोणी दारी येऊन विचारले की माणूस बोलतो, हा त्याचा अर्थ.

‘जगून काय करायचे?’ हे वाक्य कानी पडले तर ते हसण्यावारी नेऊ नये. कीटकनाशके कुलपात ठेवावीत, औषधांचा साठा रुग्णाच्या हाती देऊ नये, त्याला एकटे सोडू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय येथेही मदत मिळते. आणि आजी-आजोबांनी पुन्हा ‘आंग दुखते’ म्हटले, तर कुठे दुखते याबरोबरच अलीकडे कशात मन रमते, हेही एकदा विचारावे.