नवरीसाठी एका दिवसाची खोली

"हमारी पोट्टी लॉज में सजेगी?" दादींनी विचारलं, आणि चहाचे कप हातात धरून आम्ही सगळे गप्प बसलो.

गोष्ट गेल्या डिसेंबरातल्या लग्नाची. आमची भाची जिंतूर तालुक्यातली, सासर परभणी शहरातलं. निकाह परभणीच्या मशिदीत असरनंतर, जेवण जवळच्या शादीखान्यात. गावातलं घर तीन खोल्यांचं आणि आदल्या दिवसापासून पाहुणे चाळीस. मेकअप करणारी मुलगी परभणीची. ती गावी यायला तयार होती, पण सजलेल्या नवरीला दागिन्यांसकट गाडीत बसवून तास-सव्वातास धुळीतून आणायचं कसं, हा प्रश्न उरलाच. म्हणून ठरत होतं की दिवसभरासाठी शहरात खोली घ्यावी. नवरी तिथे तयार होईल, फोटो तिथेच निघतील आणि तिथून ती शादीखान्यात जाईल.

आमच्याकडे 'हॉटेल' म्हटलं की चहा-भजी डोळ्यांसमोर येतात, आणि 'लॉज' म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. पण दादींचा राग शब्दावर नव्हता. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भाचीच्या लग्नात आम्ही हेच केलं होतं. ते हॉटेल (नाव सांगत नाही, गावही नाही) आम्ही खालचा झुंबर लावलेला हॉल पाहून पसंत केलं. वर खोली कशी आहे, हे लग्नाच्या सकाळीच कळलं. एकच खोली, तीत पंधरा माणसं. फोटोग्राफर आणि त्याची दोन पोरं न विचारता आत यायची, पाण्याच्या बाटल्या घेऊन वेटर यायचा, कडी नीट लागत नव्हती. आठव्या दिवशी नवरीचा एक फोटो त्या फोटोग्राफरच्या पेजवर दिसला. केस मोकळे, दुपट्टा खुर्चीवर. तो सर्वांत आधी पाहिला तिच्या नणदेच्या मैत्रिणीनं. फोन करून तो काढायला दोन दिवस लागले आणि तोवर तो व्हॉट्सअ‍ॅपवर बिरादरीभर फिरला होता. त्या पोरीनं सासरचा पहिला महिना, तिचा काही गुन्हा नसताना, त्या फोटोचा जबाब देण्यात घालवला.

दादींच्या प्रश्नामागे ते सगळं होतं. म्हणून त्यांची समजूत घालण्याऐवजी आम्ही त्यांनाच विचारलं, की कशी खोली असेल तर चालेल? त्यांनी तीन अटी घातल्या. हळद आणि मेहंदी घरीच होईल. लग्नाच्या दिवशी लेक फजरनंतर दुआ घेऊन घरच्या उंबऱ्यातूनच निघेल. आणि त्या खोलीच्या दाराशी त्या स्वतः बसतील.

मग आम्ही दोघी, फुफी आणि खाला, एका मंगळवारी परभणीला गेलो. स्टेशन रोड, जिंतूर रोड, वसमत रोड असं फिरत सहा ठिकाणं पाहिली. सकाळी लवकर जाऊन परत यायचा बेत होता, पण बस चुकली आणि पोचायला दुपारचे दोन वाजले. ही चूक फायद्याची ठरली. ज्या वेळी नवरी तयार होणार, त्याच वेळी खोली कशी दिसते, ते पाहायला मिळालं.

पहिल्या ठिकाणी 'वेडिंग स्वीट' दाखवला. पलंगावर टॉवेलचे हंस आणि गुलाबाच्या पाकळ्या. खिडकीचा पडदा सरकवला तर दोन हातांवर समोरची भिंत. ज्याला डक्ट म्हणतात, ती पाइपांची पोकळी. मोठ्या खोल्याही अशाच निघतात, कारण रस्त्याकडच्या बाजूला जागा थोडी असते. उजेड नाही म्हणून सगळे दिवे लावावे लागतात. छतात पिवळे, आरशावर पांढरे. अशा उजेडात काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा एक गाल पिवळा, दुसरा निळसर येतो, आणि मेकअप करणारीला नेमका रंग कळत नाही. ती फाउंडेशन जास्त लावते आणि नवरी शादीखान्यात गेल्यावर चेहरा वेगळा आणि मान वेगळी दिसते. थोरलीच्या वेळी हेच झालं होतं, तेव्हा आम्ही बिचाऱ्या मेकअपवालीला बोल लावला.

चौथ्या ठिकाणी बिनझुंबराची, साधी, पांढऱ्या भिंतींची खोली होती. खिडकी उत्तरेला. उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट आत येत नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो. आमच्यासोबत आलेल्या पुतण्यानं मोबाइलवर दोघींचा एक फोटो काढला. प्रवासानं दमलेले आमचे चेहरेसुद्धा त्यात बरे दिसले. त्या खोलीला लागून आणखी एक खोली होती आणि मधलं दार आतून उघडायचं. आमचा निर्णय तिथेच झाला. बाहेरची खोली पाहुण्यांना, आतली नवरीला. दोन साध्या खोल्या मिळून त्या 'स्वीट'पेक्षा स्वस्त पडत होत्या.

आम्ही कड्या स्वतः लावून पाहिल्या. न्हाणीघराच्या झरोक्याला काच आहे का, आरशामागे आणि धुराच्या अलार्मजवळ काही विचित्र तर नाही ना, तेही पाहिलं. काउंटरवरचा मुलगा हसला. हसू दे. खासगी जागेत बाईचं चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पण तक्रार नंतरची, नजर आधीची. किब्ल्याची दिशाही विचारून ठेवली: आपल्या भागात पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे.

आता पैशांचं. खोलीचा दर ठरवताना दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. एक, दिवस कसा मोजता? आपल्याकडच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, तर काही हॉटेलांत बारा ते बारा. बारा ते बारा असेल आणि नवरी सकाळी नऊला पोचत असेल, तर आदल्या दिवसाचं भाडं बिलात येऊ शकतं. दोन, खोलीत किती माणसं चालतात आणि जिन्यात किंवा गच्चीवर फोटो काढायचे वेगळे पैसे आहेत का? ही उत्तरं आम्ही पावतीच्या मागे लिहून घेतली आणि मॅनेजरची सही घेतली.

एका ठिकाणी 1,800 रुपयांच्या खोलीवर 12 टक्के जीएसटी सांगितला. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर 5 टक्के झाला आहे. म्हणजे 216 नव्हे, 90 रुपये. दाखवून दिल्यावर त्यानं "जुना तक्ता आहे" म्हणून फाडला. सर्व्हिस चार्ज तर ग्राहकावर सक्तीनं लावताच येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 च्या जुलैमध्ये तसा आदेश काढला आहे. कुणी हट्ट धरला तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. शे-सव्वाशे रुपयांसाठी कुठं भांडायचं, असं मुलीच्या अब्बूंना वाटलं. पण लग्नात असे शे-सव्वाशे पन्नास ठिकाणी जातात, आणि मुलीकडच्यांचे जास्तच.

ओळखपत्र प्रत्येक राहणाऱ्याला द्यावं लागतं. तिथं आधारची पूर्ण झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड' आधार चालतं का, ते विचारा. ते आधारच्या वेबसाइटवरून काढता येतं. नवरीचा फोटो आणि नंबर कुठल्या तरी काउंटरच्या फाइलमध्ये का राहावा?

तारखेबद्दल एकच सांगतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस असतो, तेव्हा परभणीत खोली शोधायला निघू नये. मे महिन्यात खोली मिळते, पण पारा त्रेचाळीसच्या पुढे. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "दिवे आणि लिफ्ट चालते." म्हणजे मेकअप वाहून जाणार.

सर्वांत मोठं काम राहिलं होतं ते फोटोग्राफरचं. आम्हाला खोलीत बाईच हवी होती. बिरादरीतले एक बुजुर्ग म्हणाले, "ये सब नए नखरे है." नवं यात काहीच नाही. आपला परभणी जिल्हा ज्या निजामाच्या रियासतीत होता, तिथला नावाजलेला फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास पर्दानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता. तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमलं होतं आणि भोवती उंच भिंती होत्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात जे जमलं, ते मोबाइलच्या काळात नखरा कसा? नांदेडला शिकणारी, फोटोग्राफीचं काम करणारी एक मुलगी ओळखीतून मिळाली. शादीखान्यातले, मर्दान्यातले फोटो नेहमीच्या फोटोग्राफरनं काढले, खोलीतले तिनं. तिच्या हाताला अजून सफाई नाही, काही फोटो हलले. चालतं.

दोघांशीही एक पानी कागद केला, मराठीत. कोणताही फोटो, व्हिडिओ किंवा रील कुठल्याही पेजवर टाकायचं नाही, नमुना म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, अल्बम दिल्यावर कॉम्प्युटरवरची प्रत पुसायची. नेहमीच्या फोटोग्राफरला वाईट वाटलं. त्याच्या छापील पावतीवर अगदी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की फोटो जाहिरातीसाठी वापरायचा हक्क स्टुडिओचा राहील. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पावतीवर आम्ही न वाचता सही केली होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसल्यास त्यांचा पहिला मालक काम सांगणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. ती बारीक ओळ म्हणजेच तो 'वेगळा करार'. आम्ही तिच्यावर पेनानं काट मारली आणि त्याची सही घेतली. तो चांगला माणूस आहे, चहा पाजून गेला.

लग्नाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे लेक उजाडताच घरून निघाली. नऊला खोलीत पोचली, तासभर झोपली. (ही झोप मेकअपपेक्षा जास्त कामाला आली.) केस, साडीच्या पिना, दागिन्यांची जुळवाजुळव आधी उरकली. चेहऱ्याला हात लावायचा तो जोहरनंतर, असं ठरलेलं होतं. वॉटरप्रूफ मेकअप आणि नेलपॉलिशखाली पाणी पोचत नाही, मग वुजू होत नाही, आणि तीन तासांची मेहनत धुवायला कुणाचं मन होत नाही. म्हणून वुजू करून जोहर पढली, नखांना फक्त मेहंदी, आणि तोच वुजू असरपर्यंत सांभाळला. हे वेळापत्रक मेकअपवालीला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाई झाली नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. गच्चीवरचे फोटो काढायचे तर असर आणि मगरिबच्या मधला जेमतेम तास मिळतो, आणि त्याच वेळी निकाह. आम्ही गच्ची सोडून दिली.

दादी सांगितल्याप्रमाणे मधल्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर बांगड्यांची वेताची टोपली. आत जाणाऱ्या प्रत्येकीनं मोबाइल टोपलीत टाकायचा. फोटोग्राफरसोबत आपण कागद केला, पण चुलत-मावस बहिणींसोबत कुणी करत नाही, आणि अर्धे फोटो तिथूनच बाहेर जातात, हे आम्हाला सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं. वराकडच्या दोन बायका जरा रुसल्या. दादींनी त्यांचेही फोन घेतले, फक्त "बेटा" म्हणून घेतले.

चारच्या सुमारास वकील म्हणून मामू आणि दोन गवाह इजाजत घ्यायला आले. बाहेरची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली, नवरी पडद्याच्या अलीकडे. मेहरची रक्कम मामूंनी दोनदा स्पष्ट सांगितली. आत इतकी शांतता होती की तिचं "कबूल" सगळ्यांना ऐकू गेलं. थोरलीच्या वेळी त्या गर्दीत तिचा होकार कुणाला ऐकूच आला नव्हता आणि फुफीनंच "हो म्हणाली, हो म्हणाली" असं सांगितलं होतं. त्याची आठवण त्या दिवशी आम्हाला झाली, आणि लाजही वाटली.

अल्बम अजून पूर्ण झालेला नाही. निवडलेल्या फोटोंमधून दादींनी एकच मागितला आणि तोही कागदावर. त्यात नवरी खिडकीपाशी निकाहनाम्यावर सही करते आहे, आणि मागे दाराशी दादी, मांडीवर टोपली घेऊन. टोपलीतला कुणाचा तरी फोन त्याच वेळी वाजत असावा, त्याचा उजेड त्यांच्या बोटांवर पडलाय. तो फोटो त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे.