निरोपांचा स्वतंत्र कारभार

संगणकाद्वारे पाठविलेला निरोप बहुधा तिसऱ्याच कोणाच्या तरी सर्व्हरवरून जातो. त्याचा मालक नियम बदलू शकतो, दर वाढवू शकतो किंवा सेवा बंदही करू शकतो. या परावलंबनातून सुटण्याचा एक मार्ग म्हणून २०१४ साली 'मॅट्रिक्स' या खुल्या संदेशप्रणालीचा आरंभ झाला.

एका आज्ञावलीने दुसरीकडे कोणती विनंती कोणत्या रूपात करावी, याच्या ठरलेल्या नियमांना 'एपीआय' म्हणतात. मॅट्रिक्सचे हे नियम सर्वांना उपलब्ध आहेत. 'सिनॅप्स' ही तिची सर्व्हर-आज्ञावली कोणालाही आपल्या संगणकावर बसविता येते. असे सर्व्हर टपालकचेऱ्यांप्रमाणे परस्परांशी जोडता येतात. मात्र येथे संभाषणाची प्रत त्यात सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. फ्रान्सच्या शासनाने २०१९ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच पायावर 'चॅप' ही सेवा सुरू केली.

स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते. सर्व्हरचे नाव आरंभीच विचारपूर्वक ठरवावे लागते. कारण ते प्रत्येक सदस्याच्या ओळखीचा भाग बनते आणि मागाहून बदलता येत नाही. त्या नावाचे नूतनीकरण राहून गेले, तर ते परक्याच्या हाती जाऊ शकते. नोंदींच्या प्रती अन्यत्र जपून ठेवाव्या लागतात. शिवाय सांकेतिक रूपांतरामुळे मजकूर गुप्त राहिला, तरी कोण कोणाशी केव्हा बोलले, हे सर्व्हर चालविणाऱ्याला कळू शकते. म्हणून यंत्र स्वतःचे असणे पुरेसे नसते. ते सांभाळणारा मनुष्यही तितकाच विश्वासू आणि दक्ष असावा लागतो.