मोरीच्या पाइपाला ढाळ किती द्यावा?



ऊसविकास विभागाने घरच्या मोरीबद्दल का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण उसाचे बिल हाती आले की पुष्कळ सभासद घराचे काम काढतात, आणि ऊसनोंदीला आम्ही बांधावर गेलो की हटकून विचारतात, "साहेब, पाइप नवाकोरा, तरी मोरी तुंबते कशी?" बहुतेक वेळा पाइपात खोट नसते, ढाळात असते. सरीला उतार नसला की पाणी टोकाला पोचत नाही, गाळ मध्येच बसतो. जमिनीखालीही तेच होते, फक्त ते दिसत नाही. मग एके दिवशी मोरी उलटी येते आणि घरभर वास सुटतो.

सांडपाण्याने घाण ओढून न्यायची तर त्याला वेग पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेत ४ इंची पाइपाला ५७ फुटांत १ फूट हा कमीत कमी ढाळ धरला आहे, म्हणजे १० फुटांना सुमारे २ इंच. पण आपल्याकडे पाइप इतका नेमका बसत नाही. म्हणून जुना हिशेब बरा : पाइप जितके इंच, त्याची दहापट फुटांत १ फूट. ४ इंचीला ४० फुटांत १ फूट, म्हणजे १० फुटांना ३ इंच.

मोठ्या पाइपाला ढाळ कमी लागतो हे ऐकून काही जण ६ इंची आणतात. हे खरे, पण त्यातून तेवढे पाणी वाहत असेल तर. एका घरचे पाणी त्यात पसरून पातळ होते आणि घाण तळाला धरून राहते. पैसे जास्त गेले, तुंबणे तेच.

दोन खड्ड्यांच्या शौचालयाची गोष्ट निराळी. तिथे हाताने दीड-दोन लिटरच पाणी ओततात, म्हणून १५ फुटांत १ फूट, म्हणजे १० फुटांना ८ इंच तरी ढाळ हवा.

आता मुख्य मुद्दा. ढाळाचा विचार जोते धरतानाच करावा. समजा, मोरीपासून शोषखड्डा ४० फुटांवर आहे आणि परस सपाट आहे. पाइप भिंतीतून अंगणाच्या पातळीला बाहेर पडला, तरी खड्ड्याजवळ तो १ फूट खोल जाणार. परस घराकडे उतरता असेल तर आणखी खोल. जोते बुटके ठेवले तर सुरुवातच जमिनीखालून होते, आणि मग गवंडी खोदाई वाचवायला ढाळ मारतो. त्याला तरी काय बोल लावायचा!

मोजायला पारदर्शक नळी पुरते. तीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांना पाण्याच्या पातळीवर खूण करा, दोरी ताणा आणि दोरीपासून खाली मोजा.

दोन्ही टोके बरोबर असूनही मध्ये पाइपाला झोळ पडतो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून चरात मुरूम किंवा वाळू घालून ठोकून घ्या. नुसते दगड टेकवून पाइप ठेवू नका.

चर बुजवण्याआधी बादलीभर पाणी ओता आणि थोड्या वेळाने टोकाकडून बॅटरी मारून पाहा. मध्ये पाणी चमकले तर तेवढा तुकडा उचलून खाली मुरूम भरा. अर्ध्या तासाचे काम आहे. फरशी बसल्यावर हेच करायला पहार लागते.