सैल करून ठेवतो, उद्या या

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावणार, हे आमच्या जयसिंगपुरात कुणाला सांगावं लागत नाही. रात्री कानांना आणि अंगठ्याला आतून तेलाचा हात द्यायचा, सकाळी घरातल्या घरात घालून फिरायचं, लागलं की काढायची, पुन्हा घालायची. हळूहळू ती पायात बसते, आणि एकदा बसली की दुसऱ्या कुणाच्या पायात नीट बसत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा हा गुण आहे. ओलावा, तेल आणि अंगाची ऊब मिळाली की त्यातले तंतू एकमेकांवरून सरकतात आणि सुकताना जिथे सरकले तिथेच स्थिरावतात. कारागीर कुंडीतल्या पाण्यात कातडं भिजवूनच कामाला घेतो, तेही याच कारणाने.

या गुणावर एक सबंध कसब उभं होतं. गेल्या शंभरेक वर्षांत त्याचं काय झालं, हे पाहावंसं वाटतं; कारण चपलेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, ती पायाला बसवून देणाऱ्या हाताबद्दल फार थोडं.

बलुतेदारीच्या काळात पाय आणि कातडं यांच्यामध्ये नंबर नव्हता. चर्मकार शेतकऱ्याचा पाय ओळखून असे. पाय कातड्यावर ठेवायचा, कडेने खूण करायची, रापीने तळ कापायचा, चामड्याच्या वादीने शिवायचं. पुढे चप्पल लागली तर सैल करून देणं, पावसाने आखडली तर तेल देऊन पुन्हा वळणावर आणणं, हे सगळं बलुत्यातच धरलेलं. मोटा शिवणारे आणि चपला बांधणारे हात एकच होते. त्या कामाला समाजाने हलकं ठरवलं आणि त्यातल्या बुद्धीकडे पाहिलंच नाही. पायाचं हाड कुठे पुढे आहे, चालताना भार कुठे पडतो, हे नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या माणसाला सुगीच्या धान्यावर गप्प बसवलं गेलं, याची चीड आजही यावी.

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं व्यापारी गाव. आखून काढलेल्या सरळ गल्ल्या, तंबाखू-शेंगांची पेठ, आणि १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग. असल्या गावात वाडीवस्तीच्या आधी बूट येणार हे उघड होतं. व्यापारी, कारकून, मास्तर, पोलीस यांच्या पायांत ते आले आणि बुटाबरोबर विलायती नंबर आला. हा नंबर लांबीचा. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. रुंदीचं त्यात नाव नाही. आणि आमचे पाय तर अनवाणी चालून पुढे पसरलेले. बोटं मोकळी ठेवणाऱ्या चपलेत ते खपून जात, बुटात अडकत. मग माणसं लांबीला मोठा नंबर घेत आणि पुढे कापूस कोंबत, नाहीतर बूट काखेत मारून कारागिराकडे जात.

तो हातात घेऊन आधी आत बोटं फिरवायचा. मग पाय बघायचा. कुरूप कुठे आहे, करंगळी कुठे घासते, अंगठ्याच्या मुळाशी हाड किती वर आलंय. आतून ओला फडका फिरवून कातडं नरम करायचं, मग लाकडी फर्मा घालायचा. फर्मा दोन भागांत, मध्ये पाचर. पाचर ठोकत गेलं की दोन्ही भाग फाकतात. पुढे आटे फिरवून उघडणारे फर्मे आले. नेमकं एकाच जागी लागत असेल, तर फर्म्यावर त्या जागी कातड्याची चकती ठोकायची, म्हणजे बुटाला तेवढाच फुगवटा येतो, बाकीचा आकार बिघडत नाही. दोन ठोके देऊन थांबायचं, कातड्याला वेळ द्यायचा, पुन्हा ठोकायचं. घाई केली की शिवण उसवते किंवा वरची कातडी तडकते. म्हणून तर उत्तर ठरलेलं: "सैल करून ठेवतो, उद्या या." जाड कातडं असेल तर परवा. आणि लांबीला बूट कमी असेल, तर चांगला कारागीर पैसे न घेता परत पाठवायचा, कारण रुंदी थोडीफार मिळते, लांबी मिळत नाही.

रबरी चपला आणि रेक्झिनचे बूट आले तसं हे काम आटलं. रेक्झिन ताणलं तर परत आखडतं, नाहीतर फाटतं. फर्म्याचा त्यावर इलाज नाही. चिकटवलेले तळ ओलाव्याने सुटतात. माणसांनी बुटाला दोष द्यायचा सोडून पायाला दोष द्यायला सुरुवात केली. "माझा पायच रुंद आहे," असं लोक ओशाळून म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं.

त्यातच मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात लागू झाला आणि बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं. कारागीर म्हशीच्या आणि परराज्यातून येणाऱ्या मालाकडे वळले.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही; गदारोळ झाला, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो. श्रेय मागितलं हे योग्यच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत वेणी, कान, नक्षी यांचीच बाजू आली. चप्पल पायाला बसवण्याच्या कसबाचा उल्लेख माझ्या वाचनात आला नाही. युरोपातल्या शहरांत बूट ताणून देण्याचं वेगळं बिल होतं आणि गिऱ्हाईक ते मुकाट देतं. आपल्याकडे त्याच कामाचे वीस रुपये जास्त मागितले तर घासाघीस होते.

माझ्या मते या काळातली सर्वांत मोलाची घटना मिलानला घडली नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असतात. त्यावरून 'भा' नावाची आपली मापपद्धती सुचवली गेली. फर्मा घेऊन बसलेल्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आता ते आकड्यांत आलं.

'भा' रूढ झाली तरी काम संपणार नाही. एकाच माणसाचा डावा-उजवा पाय सारखा नसतो, आणि दिवसभर उभं राहिलेला पाय संध्याकाळी सुजतो. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तर बूट चावल्याचं कळतच नाही. त्याची जखम दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अशा पायासाठी योग्य रुंदीचं पायताण हे औषधाइतकंच गरजेचं आहे. महामंडळाच्या प्रशिक्षणांत नव्या नक्षीबरोबर पाय मोजणं आणि फर्म्यावर चढवणं शिकवलं जावं, आणि तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णाला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर कारागिराचाही पत्ता द्यावा. तेवढी जाणती माणसं या पट्ट्यात अजून आहेत.