अष्टमीचं पाणी, दुपारची नमाज

समुद्रावरच्या सहलीची आखणी मी हॉटेलपासून सुरू करत नाही. आधी कालनिर्णय काढते आणि तिथ्या बघते. पुनावळ्यात राहून आसपासच्या सोसायट्यांमधल्या कुटुंबांना मी सहली आखून देते. हायवेला लागून राहणाऱ्या, चाकण-हिंजवडीला नोकरी करणाऱ्या या मंडळींना रजा मोजून मिळते. त्यामुळे तारीख चुकली की सगळंच चुकतं.

या वेळी आलेलं कुटुंब आमच्याच सोसायटीतलं. भाईजान चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. भाभी सोलापूरच्या. चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि भाईजानच्या अम्मी. भाईजानचं मागणं सरळ होतं: "ताई, शिडाच्या होडीत बसायचंय, पाण्याखाली जायचंय. जेवण हलाल हवं, नमाजला वेळ हवा आणि हिला अंगभर कपड्यांत पाण्यात उतरता यायला हवं."

पहिलं नाव मालदीवचं निघालं. पाच जणांचा खर्च मांडला आणि ते मागे पडलं. मग लक्षद्वीप. वस्ती जवळपास सगळी मुसलमान, स्वयंपाकघराबद्दल एक शब्द विचारावा लागत नाही, दारू बंगाराम सोडून बेटांवर नाही आणि प्रवाळ तर आपल्या देशातलं उत्तम. पण तिथे जायला परवाना लागतो, बहुतेकदा कोचीपर्यंत जाऊन पुढे आगत्तीचं विमान किंवा जहाज धरावं लागतं आणि जागा आपल्या रजेकडे बघून मिळत नाही. आठवड्याच्या रजेत अम्मींना घेऊन हे जमणारं नव्हतं. मालवण मात्र इथून बायपासला लागलं की कोल्हापूरमार्गे एका दिवसात गाठता येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर मुलांना झेपेल इतक्या खोलीत मासे दिसतात. शिवाय तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आधी तलावात शिकवतात, मग समुद्रात नेतात. कधीच पाण्याखाली न गेलेल्या घराला मी दुसरीकडे पाठवणार नाही.

आता तारीख. पावसाळ्यासाठी आपल्या किनाऱ्यावरचं जलपर्यटन २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतं. सप्टेंबरात परवानगी असली तरी नदीचा गाळ पाण्यात असतो. खरा हंगाम नोव्हेंबरपासून. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय, म्हणजे ऐन हंगामातला महिना गेला. रोजा ठेवून कोणी बुडी मारू नये, हे मी स्पष्ट सांगते. खाऱ्या पाण्यात, उन्हात, पाण्याच्या थेंबाशिवाय शरीर थकतं आणि थकलेल्या माणसाचं पाण्याखालचं भान कमी होतं. एप्रिलमध्ये परीक्षा. उरली दिवाळीची सुट्टी.

दिवाळी म्हणजे अमावास्या आणि अमावास्या म्हणजे उधाण. उधाणाला पाणी जोरात आत येतं, जोरात बाहेर जातं, देवबागच्या संगमावरून कर्ली नदीची माती उचलून आणतं आणि खडपांवर धूळ बसल्यासारखं गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरती-ओहोटीत फरक कमी, ओढ कमी, पाणी निवळतं. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ठिकाणानुसार वेळ थोडी पुढेमागे होते, पण आखणीला पुरते. हे मी सांगत होते तेव्हा अम्मी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे चाँदची सात, आठ, नऊ तारीख. आमचे अब्बा पण असंच बघायचे." त्यांचे वडील बोटीवर होते. नाखवा, सारंग, तांडेल ही आडनावं ज्या समाजात आहेत त्यांना चंद्र आणि पाणी यांचं नातं मी काय सांगणार! हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, आपली प्रतिपदा त्याच्या आगेमागे. दोन्ही पंचांगांनी एकच आठवडा दाखवला: दिवाळीनंतरची अष्टमी.

एक सावधगिरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं तेव्हा देवबागच्या किनाऱ्याला लाटांनी झोडपलं होतं. म्हणून पैसे परत मिळतील अशीच खोली घ्यायची आणि बंदरावर बावटा लागला की वाद घालायचा नाही.

जेवणाचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही, पण तो आधी विचारावा लागतो. ज्या घरगुती निवासात मी पाहुणे पाठवते, तिथल्या काकूंना स्पीकरवर फोन लावला. कोंबडी कुठून येते? वाड्यातली असेल तर घरीच कापतात. मग ठरलं की मालवणच्या बाजारातल्या मुसलमान खाटकाकडून चिकन आणायचं आणि दुकान भाईजाननी आधी बघून घ्यायचं. नाहीतर चारही दिवस मासे. माशाला जबीहा, म्हणजे रीतीने कापणं, लागत नाही. बांगडा, सुरमई, सौंदाळे कोणीही निर्धास्त खावेत. काकू म्हणाल्या, "मासे खातात ना? मगे काय काळजी नको."

काळजी निघाली ती कुर्ल्यांची. कोकणी मुसलमान शाफई परंपरेतले, त्यांना समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. भाभींचं माहेर हनफी परंपरेतलं, त्यांच्याकडे खेकडा, तिसऱ्या, कालवं चालत नाहीत आणि कोळंबीबद्दल त्यांच्याच उलेमांमध्ये मतभेद आहेत. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही एकाच घरात दोन पानं वाढली जातात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी काकूंना एवढंच सांगितलं की कुर्ल्यांचं कालवण वेगळ्या टोपात करा, पळी वेगळी ठेवा. "हलाल चालेल ना?" असा मोघम प्रश्न विचारला की समोरचा "हो" म्हणतो आणि पानावर घोटाळा होतो. कोंबडी कोणी कापली, पळी कुठली, तेल कुठलं, असं एकेक विचारलं की उत्तरही नेमकं येतं.

सोसायटीच्या तलावात आम्ही मास्क घालून बघितले. ही तयारी मी सगळ्यांकडूनच करून घेते, पण या वेळी तिची खरी गरज होती. मास्क बसतो की नाही हे बघायची रीत सोपी आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो आपला. भाभींनी पोहण्याचा अंगभर पोशाख घातला होता, डोक्याला त्याच कापडाची टोपी. मास्क टेकवला, श्वास घेतला आणि तो घसरला. टोपीची कड कपाळावर खाली आली होती आणि मास्कच्या रबरी कडेखाली तिची जेमतेम एक दुमड अडकली होती. तेवढ्या फटीतून पाण्याखाली मास्क भरून जातो. टोपी मागे ओढली तर केस दिसतात. मग मऊ रबराचा, वेटसूटसोबत मिळतो तो हूड मागवला. तो हनुवटीखालून येतो, चेहऱ्यापुरता गोल मोकळा राहतो आणि मास्कची कड थेट कातडीवर बसते. दुसऱ्यांदा मास्क चिकटला तेव्हा भाभी हात सोडून उभ्या राहिल्या आणि मुलगी टाळ्या वाजवायला लागली. भाईजानच्या मिशीतूनही हवा शिरत होती. मिशी ओठावरून बारीक कातरली आणि प्रश्न मिटला. दाढीची अडचण नव्हती, मास्कची कड नाकाखालीच संपते.

वेटसूट अंगाला घट्ट बसतो, त्यावर सैल झगा घातला तर तो पाण्यात ओढ घेतो आणि नळ्यांत अडकतो. म्हणून ठरलं की होडीत चढेपर्यंत वर सैल कुर्ता आणि पाण्यात उतरताना तो काढायचा. बाई प्रशिक्षक मिळते का, हे महिनाभर आधी विचारून ठेवलं. मिळाली नाही तर पुरुष प्रशिक्षकाने हात न धरता मागून सिलिंडरच्या झडपेला धरून न्यायचं. नवख्या माणसाला तसं नेतातच, फक्त ते आधी बोलून घेतलं की पाण्यात संकोच राहत नाही.

मुलाचं वय नऊ. दहा वर्षांखालच्या मुलाला समुद्रात सिलिंडर लावून नेऊ नये, हा नियम मी कोणासाठी मोडत नाही. आठ पूर्ण झालेल्यांना तलावात दोन मीटरपर्यंत बुडबुडे काढायला मिळतात, त्याच्या वाट्याला ते येईल आणि समुद्रात स्नॉर्केल. आरोग्याचा फॉर्म सगळ्यांनी घरीच भरला. दमा, कानाचं दुखणं, हृदयविकार, नुकती झालेली सर्दी, काही लपवायचं नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बंद नाकाने कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते.

दिवसाचं वेळापत्रक बसवताना वाऱ्याने मदत केली. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र सपाट असतो. फजर पढून, हलका नाश्ता करून सात-आठच्या सुमाराला होडी निघाली की साडेदहापर्यंत सगळ्यांच्या बुड्या होतात. मग अंघोळ, जोहर, जेवण. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो डायव्हिंगला नको, पण शिडाला तोच हवा. मुसाफिराला चारऐवजी दोन रकात पढण्याची सवलत आहे. शाफई जोहर आणि असर एकत्र पढू शकतात, भाभी वेगवेगळी पढतील, म्हणून असरच्या आधी किनाऱ्याला लागायचं ठरलं. अम्मींनी विचारलं, होडीवर नमाजाआधीच्या वजूचं पाणी? समुद्राच्या पाण्याने वजू होतो, हे त्यांनाच ठाऊक होतं, फक्त होडीच्या कडेवरून वाकायचं नाही, बादलीने पाणी ओढायचं. किबला मालवणहून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तोंड उघड्या समुद्राकडे.

शिडाच्या होडीसाठी एक दिवस गोव्याचा ठेवला, कारण मालवणात ज्याला सेलिंग म्हणून विकतात ते बहुतेक पॅराशूट असतं. दोनापावलाच्या बाजूला शिकवणाऱ्या होड्या मिळतात. मांडवीवरच्या सामाईक बोटीत गाणी आणि दारू असते, तिथे या कुटुंबाला बसवायचं नाही. चार जण मावतील अशी लहान होडी पूर्ण भाड्याने घ्यायची. दर जास्त पडतो, पण मुलीला सुकाणू धरायला मिळतं. किनाऱ्यावर अम्मी थांबतील, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं.

किल्ल्याचा अर्धा दिवस मुलांसाठी. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला आणि त्यांच्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता, हे मुलीने शाळेच्या पुस्तकापलीकडे जाऊन शोधून ठेवलंय.

शेवटचं काम परतीचं. बुडी मारून त्याच संध्याकाळी घाट चढायचा मोह सगळ्यांना होतो, कारण सोमवारी पहिली पाळी असते. पण पाण्याखाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, पुढे सगळा देशावरचा पठारी रस्ता. एखाद्या उथळ बुडीनंतर धोका फार नसतो, तरी विमानासाठी लावतात तोच नियम मी घाटाला लावते: एका बुडीनंतर किमान बारा तास, एकाहून अधिक झाल्या तर अठरा. म्हणून बुड्या पहिल्या दोन दिवसांत, मग किल्ला, मग गोवा आणि तिथून आंबोलीमार्गे घर. भाईजाननी रजेचा अर्ज एक दिवसाने वाढवला.