संस्कृतीची नगरी आणि कामकऱ्यांची वस्ती

कारखाने बंद पडून उजाड झालेल्या शहरात संग्रहालये व नाट्यगृहे उभारावीत, महोत्सव भरवावेत. मग पाहुणे येतील, पैसा येईल आणि तो झिरपत झिरपत गरिबांच्या वस्तीपर्यंत पोहोचेल, हा विचार गेली चाळीस वर्षे जगभर मान्यता पावला आहे. कामगारांनी तो तपासून घेतला पाहिजे. त्यासाठी आम्ही स्कॉटलंडमधील ग्लासगोचे उदाहरण घेतो.

क्लाइड नदीकाठचे हे शहर जहाजे बांधण्यावर वाढले. पुढे तेथील कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. १९७१ साली सरकारने मदत नाकारली, तेव्हा कामगारांनी संप न करता काम चालूच ठेवून लढा दिला. तरीही धंद्याची ओहोटी थांबली नाही. मग नगरपालिकेने नवी वाट धरली. १९८३ साली बरेल संग्रहालय उघडले. १९८८ साली जुन्या गोदीच्या जागेवर उद्यान-महोत्सव भरला. त्यास ४० लाखांहून अधिक लोक आले. १९९० साली ग्लासगो 'युरोपीय संस्कृतिनगरी' ठरली. अथेन्स, फ्लॉरेन्स, पॅरिस यांच्या पंक्तीस मजुरांचे शहर बसले!

यातून काहीच लाभ झाला नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शहराची दुष्कीर्ती ओसरली. पालिकेची संग्रहालये विनाशुल्क राहिली. तेथे कामगाराचे मूलही जाऊ शकते. परंतु जहाज बांधणाऱ्या कारागिराचे काम गेले आणि हॉटेलातले, दुकानातले आले. पन्नाशीच्या वेल्डरला त्याचा काय उपयोग? जेम्स केलमन आदी लेखकांनी त्या वेळी 'वर्कर्स सिटी' या नावाने एकत्र येऊन आक्षेप घेतला, की उत्सवाच्या रोषणाईत शहराचा कामगार-इतिहासच झाकला जात आहे.

आता आयुष्याचाच हिशेब पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालात ग्लासगोच्या कॅल्टन या गरीब वस्तीतील पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे नोंदले आहे. काही मैलांवरील लेन्झी या सुखवस्तू भागात ते ८२. त्याच अहवालात भारतातील पुरुषाचे ६२ आहे! कॅल्टनच्या दुखण्याला उत्सव जबाबदार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण झिरपण्याचे जे वचन होते, त्याचे काय झाले?

श्रमावर वाढलेल्या मुंबईला हा प्रश्न परका नाही. येथे तो जमिनीच्या रूपाने आला. १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागा, सामान्यांची घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने इमारतींखालची जमीन या वाटणीतून वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांच्या वाट्याला फार थोडी जमीन उरली.

म्हणून गिरणगावात कोणी कलाकेंद्राची योजना आणली, तर तीस विरोध करू नये. भाकरीइतकीच कलाही आमची आहे. मात्र आरंभीच लेखी मागावे: वस्तीतल्या मुलांना कायमच्या नोकऱ्या, भाडेकरूस त्याच ठिकाणी घर आणि व्यवस्थापक मंडळावर रहिवाशांचे प्रतिनिधी. मांडव उतरल्यावर मागावयास गेलो, तर हाती नारळच पडतो.